'गुंतवणूक' या शब्दाने घातलेला घोळ

आई सगळ्या पिल्लांना सारखं वागवत नाही, हे निरीक्षण जुनंच. गरुड तीन अंडी घालतो, दोन उबवतो आणि एकच पिल्लू वाढवतो, असं प्राचीन ग्रीकांनी लिहून ठेवलं होतं. त्याची कारणं मात्र १९७० नंतरच नेटाने शोधली जाऊ लागली.

१९७२ साली 'पालकांची गुंतवणूक' ही संज्ञा आली. तिची व्याख्या कडक होती. एका पिल्लासाठी आईने असं काही करावं, की त्यापायी दुसऱ्या पिल्लांसाठी काही करण्याची तिची ऐपत घटावी, तर ती गुंतवणूक. नुसतं दूध पाजणं त्यात बसत नाही. त्या पाजण्याने पुढचं वेत हुकलं, तर बसतं. पाठोपाठ १९७३ मध्ये, धडधाकट आईला नर पिल्लं जास्त फायद्याची आणि खंगलेल्या आईला मादी, असा तर्क मांडला गेला.

पण हुकलेलं वेत मोजायचं कसं? रानात हाताशी दुर्बीण आणि घड्याळ. मग पिल्लू आचळाला किती मिनिटं लागलं, हेच मोजलं गेलं. हरणं, सील, हत्ती, सगळीकडे तीच मिनिटं. नर जास्त वेळ प्यायला, की आईचा ओढा नराकडे! माझ्या मते हा सरळसरळ आळस होता. आचळ आटलं असेल तरी वासरू जास्त वेळ झोंबतंच. १९९८ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा पिण्याचा वेळ आणि पोटात गेलेलं दूध यांचा मेळ जेमतेमच निघाला. व्याख्या कागदावर कडक राहिली, वापरात मात्र 'गुंतवणूक' म्हणजे 'लाड' होऊन बसलं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही तसंच. आई पिल्लाला उताणं करून त्याचा मागचा भाग चाटते. त्याशिवाय त्याला लघवी होत नाही, आणि त्या लघवीतलं पाणी दूध देणाऱ्या आईला हवंच असतं. नर पिल्लं जास्त चाटली जातात, हे १९७९ मध्ये दिसलं. मग मादी पिल्लांना नर संप्रेरक टोचलं, तर आई त्यांनाही जास्त चाटू लागली. त्या संप्रेरकाने पिल्लाचा वास नरासारखा होतो; ओढा होता तो त्या वासाचा.

पक्ष्यांमध्ये तर भेद अंड्यातच सुरू होतो. कॅनरीच्या मागाहून घातलेल्या अंड्यांच्या बलकात टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक जास्त असतं, हे १९९३ मध्ये कळलं. गायबगळ्यात नेमकं उलटं: तिथे झुकतं माप पहिल्या अंड्यांना.

निव्वळ आवडनिवड दाखवणारा प्रयोग १९९४ चा, अमेरिकेतल्या चांदवा पक्ष्यांवरचा. त्यांच्या पिल्लांच्या पिसांना भडक नारिंगी टोकं असतात. निम्म्या पिल्लांची ती टोकं कातरली, तशी आईबापांनी नारिंगी पिल्लांना जास्त भरवलं आणि काळी मागे पडली. पण ज्या घरट्यात सगळीच कातरली होती, तिथली पिल्लं नेहमीसारखीच वाढली.