मॅरेथॉनची तयारी, हौशी धावपटूंची

मॅरेथॉनची तयारी : नोकरी-व्यवसाय आणि घर सांभाळून धावणाऱ्या माणसाने ४२.१९५ किमी. अंतर धडपणे पार करता यावे म्हणून चार ते सहा महिने केलेला क्रमवार सराव. या नोंदीत मुख्यतः मुंबई मॅरेथॉनसाठी तयारी करणाऱ्यांचा विचार केला आहे.

मॅरेथॉनचे आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावले गेले आणि १९२१ मध्ये ते कायम ठरले. सामान्य माणसानेही एवढे धावावे, ही कल्पना मात्र बरीच अलीकडची. तिचे मोठे श्रेय न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांचे. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिडियर्ड यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले आणि त्यातून ठरवले, की वेगाच्या आधी दम कमवायचा. तो कमवायचा तर भरपूर अंतर आरामात धावायचे. आठशे मीटरच्या धावपटूलाही ते ऑकलंडजवळच्या डोंगरांतली सुमारे ३५ किमी.ची फेरी धावायला लावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल (८०० मी.) आणि मरे हालबर्ग (५,००० मी.) यांनी सुवर्णपदके मिळवली, तर बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. पुढे त्यांनी याच पद्धतीने ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, हृदयविकार असलेल्या लोकांनाही हळूहळू धावते केले. आज शिवाजी पार्कभोवती किंवा पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे जे धावताना दिसतात, त्यांच्या सरावाचे मूळ या माणसापाशी जाते.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून चालू आहे. हौशी लोकांची खरी लाट आली ती २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. ही शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते आणि या एका तारखेने राज्यातल्या हजारो घरांचे पावसाळ्यापासूनचे वेळापत्रक ठरते.

हौशी माणसाची तयारी म्हणजे कसलेल्या धावपटूच्या तयारीची छोटी आवृत्ती नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवे. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमी यांनी मुंबईची शर्यत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत जिंकली. किलोमीटरला सात मिनिटे या गतीने धावणाऱ्याला तेच अंतर कापायला ४ तास ५५ मिनिटे लागतात. म्हणजे हौशी धावपटू दुपटीहून जास्त वेळ पायांवर असतो, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार झेलत चाळीस-पन्नास हजार पावले टाकतो. त्याची तयारी वेगाची कमी आणि सोसण्याची जास्त असते.

इथेच नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते. सरावाने हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. सहा-आठ आठवड्यांत धाप कमी लागते, स्नायूंत रक्तवाहिन्यांचे जाळे वाढू लागते. हाडे आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे चिवट पट्टे) यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून माणूस अंतर वाढवत राहतो आणि अजून तयार न झालेली नडगी, टाच किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. बहुतेक दुखापती अशा घाईच्या असतात. आठवड्याचे अंतर दर वेळी साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे, असा एक ठोकताळा आहे. तो काही शास्त्रीय नियम नाही. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवणे त्याहून मोलाचे. धावताना नेमक्या एका बिंदूवर दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तिथे बोट लावल्यावर कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वांत वाईट : दुखणे झाकले जाते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, तो वेगळाच.

तयारी सुरू करण्याआधी अर्धी मॅरेथॉन, निदान दहा किमी. अंतर तरी सहज धावता यायला हवे. आठवड्यातून चार दिवस धावणे पुरेसे असते. मधल्या वारी दोन हलक्या धावा, एक जरा झटून (चढावर, ‘टेंपो’ म्हणजे सलग जरा वेगाने, किंवा ‘इंटरव्हल’ म्हणजे मध्ये विसावा घेत वेगाचे छोटे तुकडे) आणि रविवारी लांब पल्ला, ज्याला सगळे ‘लाँग रन’ म्हणतात. त्याखेरीज दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पायरीच्या काठावर चवडे टेकवून टाचा सावकाश खाली-वर करणे हा साधा व्यायाम पोटऱ्या आणि टाचेमागची कंडरा यांना इतके बळ देतो, की तो टाळणे परवडणारे नाही.

रविवारचा लाँग रन हा सगळ्या तयारीचा कणा. तो १४-१५ किमी.पासून सुरू होऊन शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३०-३२ किमी.पर्यंत जातो. संथ गतीच्या धावपटूने मात्र किलोमीटरपेक्षा घड्याळ पाहावे : साडेतीन तासांच्या पुढे धावल्याने दमात फारशी भर पडत नाही, थकवा मात्र आठवडाभर उतरत नाही. गती किती ठेवावी, याचे मोजमाप सोपे आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. पहाटे पाचला वरळी सी फेसवर एखादा गट येतो तेव्हा पावलांच्या आवाजाआधी बोलणे ऐकू येते. ऑफिसचे, मुलांच्या परीक्षांचे, काल रात्री काय जेवलो त्याचे. गटातले बोलणे बंद पडले, की समजावे, गती वाढली. हळू धावायला मन धजावत नाही, कारण हळू धावणे म्हणजे कमी धावणे असे वाटते. पण स्नायूंना चरबी जाळून ऊर्जा काढायची सवय या संथ गतीनेच लागते.

मुंबईच्या तयारीला हवामानाचा एक खास जाच आहे. सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात होते. ओल्या कपड्यांनी काखा आणि मांड्या सोलवटून निघतात, म्हणून निघण्याआधी तिथे पेट्रोलियम जेली फासायची. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे आणि तासाभराने बोळे बदलायचे. पाणी साचलेल्या रस्त्यावर खड्डा दिसत नाही, तेव्हा तिथून चालत जाण्यात कमीपणा नाही. या दिवसांत अनेक जण यवतेश्वरच्या घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतात. चढणीवर पाय आणि धीर दोन्ही कसाला लागतात. मग ऑक्टोबरचा उकाडा. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच गतीला नाडी जास्त पडते. सप्टेंबरपेक्षा आपण मागे पडलो, असे वाटून पुष्कळ जण याच महिन्यात खचतात. तो दोष तयारीचा नसून हवेचा असतो. गती कमी करावी, नाडी सांभाळावी. नोव्हेंबरचा पहिला गारवा पडला, की केलेली मेहनत आपोआप दिसू लागते.

आहाराचे गणित साधे आहे. धावताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (साखरेच्या साठ्यातून) मिळतात जेमतेम २,००० च्या आसपास. उरलेली भर चरबीतून पडते, पण ती सावकाश. सुरुवातीला गती जास्त ठेवली, तर ग्लायकोजेन ३० ते ३५ किमी.च्या दरम्यान संपते, पाय शिशाचे होतात आणि डोके साधी बेरीज करेनासे होते. यालाच ‘वॉल लागणे’ म्हणतात. उपाय दोन : सुरुवात आवरती ठेवणे आणि वाटेत दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे गोड खाणे. धावपटूंसाठी पाकिटात मिळणारे गोड, घट्ट जेल सगळ्यांच्या पोटाला मानवत नाही. खजूर, गूळ, चिक्की, केळे हेही चालते, फक्त जे शर्यतीत खायचे ते आधी लाँग रनमध्ये खाऊन पाहिलेले असावे.

पाण्याचा अतिरेकही घातक असतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे घामाने गेले त्याहून जास्त पाणी पिणे, हे त्याचे मुख्य कारण. म्हणून तहान लागेल तसे प्यावे आणि मीठ-लिंबाच्या सरबताचा घोट मध्येमध्ये घ्यावा. हृदयाविषयी भीती बाळगू नये, पण बेफिकीरही राहू नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ जणांचे हृदय बंद पडले. प्रमाण अगदी अल्प आहे. तरी चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात लवकर हृदयविकार झालेल्यांनी तपासणी केल्याशिवाय लांब पल्ल्याला हात घालू नये.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणायचे असते, हा ‘टेपर’. याच वेळी सर्वांत जास्त चुका होतात. रिकामे पाय शिवशिवतात, मनात शंका येतात आणि राहिलेला लाँग रन भरून काढायचा मोह होतो. तो भरून निघत नाही. या दिवसांत झोप हाच सराव.

शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात सुटते. सागरी सेतूवर वारा लागतो, पाय हलके वाटतात आणि नेमके तिथेच गती आवरावी लागते, कारण पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे परतीच्या वाटेवर, ३५ किमी.नंतर येत राहिला आहे. तेव्हा ऊन चढलेले असते. एरवी गाडीतून जाणवतही नाही असा तो चढ तिथे डोंगरासारखा उभा राहतो. दोन्ही बाजूंना बिल्डिंगमधली माणसे उभी असतात. आजी सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढे करते, एखादा मुलगा तळहातावर मीठ घेऊन थांबलेला असतो. बिबवर (छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदावर) छापलेले नाव वाचून अनोळखी माणसे हाक मारतात.

शर्यतीनंतर दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या साथ देत नाहीत. कठडा धरून एकेक पायरी आडवे उतरावे लागते. पहिला आठवडा फक्त चालावे, दुसऱ्या आठवड्यात वाटल्यास दोन-तीन किमी. सावकाश धावावे. पायाची काळी पडलेली नखे ओढून काढू नयेत. खालून नवे नख आले, की ती आपली आपण गळतात.