जुन्या ट्रकचं इंजिन बदलायचंय? खर्चाचा हिशेब आणि आरसीवरची नोंद

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, तोच राहणार असेल तर कुठलाही अर्ज लागत नाही. लायनर-पिस्टन बदला, क्रँक घासून घ्या, हेड नवं बसवा. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तो बदलत नाही तोवर आरटीओचा संबंध येत नाही. पण कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली, तडा गेला, किंवा वर्षानुवर्षं खाडीकाठच्या विहिरीचं खारं पाणी रेडिएटरमध्ये भरून लायनरची बैठकच खाल्ली गेली, की इंजिन बदलणं आलं. नंबर बदलला की मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, म्हणजे गाडीतल्या बदलाला आरटीओची मान्यता घेण्याचं कलम, लागू होतं.

आधी पैशांचं बघू, कारण अर्ज अडतात त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. जांभ्याचा चिरा, वाळू, खत वाहणारी दोन एक्सलची टाटा १६१३ डोळ्यासमोर ठेवा, सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन. पुढचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत, गॅरेजगणिक फरक पडतो.

जुन्या बाजारातलं चालू स्थितीतलं इंजिन ७० हजार ते १ लाख १० हजार. कंपनीकडून रीकंडिशन होऊन येणारं एक्स्चेंज इंजिन, टाटाचं प्रोलाइफ वगैरे, २ ते २.५ लाख. एक्स्चेंजमध्ये आपलं जुनं इंजिन द्यावं लागतं. ब्लॉक फुटका असेल तर त्याचे पैसे कापतात, म्हणून ही कपात किती ते कोटेशनवर आधीच लिहून घ्या.

हे झालं नुसतं इंजिन. ते गाडीत नीट बसवायचं तर उतरवणं-चढवणं आणि जोडणी १५ ते २० हजार, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-बेअरिंग १२ ते १५ हजार, माउंटिंग, होजपाइप, बेल्ट ८ ते १० हजार, रेडिएटर खोलून साफ करणं ३ ते ५ हजार, डिझेल पंप टेस्टिंगला लावून नोझल बदलणं १५ ते २० हजार, ऑइल-फिल्टर-कूलंट ७ ते ८ हजार, आणि इंजिन आणायचं भाडं व क्रेन ५ ते ८ हजार. बेरीज ६५ ते ८६ हजार. म्हणजे जुनं इंजिन घेतलं तरी काम १ लाख ३५ हजार ते १ लाख ९६ हजारांत जातं, एक्स्चेंज घेतलं तर २ लाख ६५ हजार ते ३ लाख ३६ हजारांत. "लाखात सगळं करून देतो" असं कोणी म्हणत असेल तर या यादीतलं काय वगळलंय ते एकेक करून विचारा. बहुधा रेडिएटर आणि पंप वगळलेला असतो. जुना तुंबलेला रेडिएटर नव्या इंजिनावर चढवला की पहिल्याच घाटात गॅस्केट जातं. डिझेल टाकीही खोलून धुवा. आपल्या कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी साचतं, आतून गंज सुटतो, आणि हा गाळ सरळ नव्या नोझलमध्ये जातो.

आता बिल. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ होता. जुनं कोटेशन हातात असेल तर ते बदलून घ्या. ९० हजारांच्या इंजिनावर कर होतो १६,२०० रुपये. बाजारात विचारतातच, "बिलात पाहिजे की बिनबिलात?" १६ हजार वाचले म्हणून माणूस खूश होतो, आणि नोंदणीच्या खिडकीवर हाच कागद पहिल्यांदा मागतात. बिनबिलाच्या इंजिनाची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणजे ब्लॉकवर एक नंबर, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दुसरा, आणि पुढच्या फिटनेस तपासणीला निरीक्षकाने टॉर्च मारला की गाडी तिथेच उभी. तेव्हा इंजिनाची किंमत मोजताना बिलाचा करही त्यातच धरा.

बिल आहे म्हणूनही भागत नाही. त्यावर इंजिन नंबर छापलेला हवा. "वन सेकंडहँड इंजिन कम्प्लीट" एवढंच लिहिलेलं बिल परत येतं. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, तुमचं आरसीवर आहे तसंच नाव, इंजिनाची मेक, मॉडेल आणि पूर्ण नंबर, एवढं त्यावर असू दे. नंबर विकणाऱ्याच्या वहीतून उतरवू नका. दुकानातच ब्लॉकवर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, ठसा घ्या, आणि त्यावरून बिल करायला लावा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांच्या गोंधळात कितीतरी अर्ज महिनाभर पडून राहतात.

जुनं इंजिन असेल तर आणखी एक कागद लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो: ते इंजिन कुठल्या गाडीतून आलं. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा ती अधिकृत भंगार केंद्रात जमा झाल्याचा पुरावा, आणि तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही याची पोलिसांच्या नोंदीवरची खात्री. भंगारवाले सांगतात, "कागद नंतर पाठवतो." नंतर कोणी पाठवत नाही. पैसे देण्याआधी मूळ गाडीच्या कागदाची प्रत हातात घ्या, नसेल तर ते इंजिन सोडून द्या. इंजिन कोल्हापूरचं असो की मुंबईचं, नियम तोच.

कुठलं इंजिन चालतं? सरळ उत्तर: त्याच मेकचं, त्याच प्रकारचं. ६९७ च्या जागी कमिन्स कंपनीचं इंजिन बसवायची हौस अनेकांना असते, घाटात ओढतं म्हणून. बसतंही, गॅरेजवाला करूनही देतो. पण मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल कलम ५२ ला मान्य नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. टर्बो नसलेल्या जागी टर्बो हाही तसलाच प्रकार, लिटर तेच असले तरी. आणि गाडीची नोंद बीएस-३ या प्रदूषण मानकाची असेल तर बीएस-२ च्या काळातलं इंजिन आणू नका. स्वस्त मिळतं, पण नोंदीत बसत नाही.

एक गैरसमज फार पसरलाय: "इंजिन बदलायला परवानगी लागत नाही, नंतर १४ दिवसांत कळवलं की झालं." कायद्यात १४ दिवस आहेत हे खरं. पण पूर्वपरवानगीशिवाय त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायची सवलत किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला आहे, तीही राज्य सरकारने अधिसूचनेने दिली तर आणि तिच्या अटींवर. एक-दोन गाड्यांच्या मालकाने आधी परवानगी घ्यायची, मग इंजिन उतरवायचं. बिनपरवानगी बदल झालाच असेल तर तो कळवायची मुदत १४ दिवस आहे, आणि ती बदल केल्या दिवसापासून मोजतात. फिटनेसची तारीख जवळ आली की कळवू, असं धरून बसलेले सगळे मुदतीबाहेर जातात. कार्यालयानेही हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे, कोण जाणे. सगळी शिस्त अर्जदारालाच.

जुनं इंजिन उतरवण्याआधी दोन गोष्टी करा. एक, त्याच्या नंबरचा पेन्सिल ठसा घ्या आणि आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. जुन्या एमएच-०७ (सिंधुदुर्ग), एमएच-०८ (रत्नागिरी) च्या गाड्यांच्या नोंदी पुस्तकातून संगणकावर चढवताना आकडे गळालेत. तसं असेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि मूळ ब्लॉक भंगारात गेल्यावर ती सिद्ध कशाने करणार? दुसरी, चॅसी नंबर. बहुतेक ट्रकना तो उजव्या लाँग मेंबरवर, म्हणजे चॅसीच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाजवळ असतो. मच्छी वाहणाऱ्या गाडीत मिठाचं पाणी गळून गळून तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. रॉकेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर लावायचा नाही. ग्राइंडरने गंजाबरोबर आकडाही जातो, आणि पुसट झालेल्या चॅसी नंबरावर इंजिनाचं प्रकरण राहतं बाजूला, चौकशी भलतीच सुरू होते.

कोरा ब्लॉक आणला असेल, म्हणजे नंबर न ठोकलेला, तर गॅरेजमध्ये परस्पर नंबर पाडून घेऊ नका. जुनाच नंबर असला तरी नको. कार्यालयाचा लेखी आदेश आल्यावरच ते काम करायचं. परस्पर पाडलेला नंबर म्हणजे खाडाखोडीचा संशय, पुढे पोलीस केस.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवरून होतो, मोटार वाहनातील बदल या सेवेखाली. फी पोर्टलच काढतं, इंजिनाच्या खर्चापुढे ती किरकोळ आहे. अडतं ते ओटीपीशी. गाडीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचा नसून दहा वर्षांपूर्वीच्या एजंटाचा निघतो. आधी तो बदलून घ्या. त्याचबरोबर बघा: कर भरलेला आहे का, जुन्या गाडीचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी, फिटनेस चालू आहे का, ई-चलनं बाकी नाहीत ना, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, लागली आहे का. यातलं एक जरी लाल दिसलं तरी अर्ज पुढे सरकत नाही.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचं संमतीपत्र हवं. कर्ज फिटून पाच वर्षं झाली, तरी बोजा तसाच, आणि फायनान्सची तालुक्यातली शाखा बंद, हे सर्रास आढळतं. मुख्य शाखेकडून फॉर्म ३५ आणि ना-हरकत मागवा, बोजा उतरवा, मग इंजिनाकडे या. गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले, तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर, फॉर्म ३१ वर. मयताच्या नावाने अर्ज टाकून मुलाने सही ठोकली की प्रकरण फेटाळलंच म्हणून समजा.

मग कोकणातली खास अडचण. चांगली गॅरेजं घाटावर, कोल्हापूरला, नाहीतर कळंबोलीला. नोंद मात्र आपल्याच कार्यालयात: रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी, पेण, पनवेल, जिथली गाडी तिथे. म्हणजे इंजिन बदललेली, पण नोंद न झालेली गाडी आंबा घाटातून किंवा करूळमधून खाली आणावी लागते. म्हणूनही आधीची परवानगी महत्त्वाची. तिची प्रत आणि बिल ड्रायव्हरच्या हातात द्या. गाडी रिकामीच आणा. नव्या इंजिनाला पहिले हजार-दीड हजार किलोमीटर पूर्ण लोड द्यायचाच नसतो. बंद गाडी टोचन करून घाट चढवण्यापेक्षा इंजिनच टेम्पोतून खाली आणून जवळच बसवून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

पावसाळ्यात चिरेखाणी थांबतात तेव्हा हे काम काढणं शहाणपणाचं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वापरात नसल्याची सूचना आरटीओला आगाऊ द्यावी लागते. नंतर "गाडी उभीच होती" सांगून करात सूट मिळत नाही.

तपासणीला गाडी धुऊन, रिकामी, रिफ्लेक्टर-लाइट चालू स्थितीत न्या. इंजिन नंबरावर ग्रीस नको, केबिन टिल्ट होत नसेल तर नंबर कुठून दिसतो ते ड्रायव्हरला दाखवून ठेवा. मोटार वाहन निरीक्षक स्वतः ठसा घेतात, ताडतात. आरटीओच्या तालुक्यातल्या शिबिरात हे काम होतं का ते आधी विचारून घ्या, नाहीतर खेड-दापोलीहून रत्नागिरीचा दिवस फुकट जातो.

आणि वयाचा मुद्दा, जो लोक पैसे भरल्यावर विचारतात. इंजिन नवं बसवलं तरी गाडीचं वय पहिल्या नोंदणीपासूनच मोजतात. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी, १५ वर्षांनंतर त्याची फी कितीतरी जास्त. मल्टी-एक्सल नसलेल्या मालगाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट नाही. अकरा वर्षांच्या, राज्याबाहेर धावणाऱ्या गाडीत तीन लाखांचं इंजिन टाकण्याआधी हा हिशेब करा. गावातच चिरा-वाळूला फिरणारी असेल तर गोष्ट वेगळी.

नवी आरसी हातात आली की खिडकी सोडण्याआधी इंजिन नंबर ठशाशी ताडून बघा, चूक असेल तर तिथेच दाखवा. त्याच दिवशी विमा कंपनीला अर्ज देऊन पॉलिसीवरही नवा नंबर चढवून घ्या, आणि तसा शेरा मारलेला कागद आल्याशिवाय गाडी लोडला लावू नका.