ग्रामपंचायतीचा वर्षाचा लेखाजोखा: पहिल्या ग्रामसभेत काय मांडलं जातं आणि तुम्ही काय मागू शकता

गेल्या वर्षी गावासाठी काय केलं आणि त्यातून गावाचं किती भलं झालं, याचा हिशेब ग्रामपंचायतीने दरवर्षी गावापुढे मांडायचा असतो. तसं कायद्यातच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 8 नुसार आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत, म्हणजे मे अखेरपर्यंत व्हायला हवी. मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी तिच्या उत्तरांसह, एवढी कागदपत्रं त्या सभेपुढे ठेवायची असतात. बहुतेक गावांत ही सभा 1 मेच्या आसपास होते. झेंडावंदन होतं, चहा होतो, अहवाल भराभरा वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' म्हणत हात वर होतात आणि अर्ध्या तासात सगळे घरी. ही एक सभा नीट झाली तरी गावाचा पुष्कळ पैसा योग्य जागी लागेल, असं माझं ठाम मत आहे.

कोण बसू शकतं?

गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. वेगळा अर्ज नाही, फी नाही. घरपट्टी थकली आहे म्हणून कोणाला सभेतून उठवता येत नाही. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्याचं नाव गावच्या यादीत असेल तर त्यालाही तेवढाच हक्क आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावं मात्र यादीत आहेत का ते आधी बघा. नसतील तर मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, भरून घ्या.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या घेण्यात कसूर केली तर सरपंचपद जाऊ शकतं. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा व्हायला हवी. पाणी, अंगणवाडी, दारू, रात्रीचे दिवे हे विषय तिथे जितक्या मोकळेपणाने निघतात तितके मोठ्या सभेत निघत नाहीत. म्हणून महिला सभेचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. तिथले लोक आपला आढावा पाड्यावरच घेऊ शकतात.

गणपूर्ती म्हणजे कोरम. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जी संख्या कमी ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. इथेच बरेच जण फसतात. तहकूब सभेला कोरमची अट नसते. सभा झालीच नाही असं समजून लोक पुढच्या तारखेला फिरकत नाहीत आणि वर्षाचा अहवाल वीस-पंचवीस माणसांत मंजूर होऊन जातो. त्यामुळे सभा तहकूब झाली की पुढची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या.

आढावा कशाशी ताडून घ्यायचा?

2015-16 पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने प्रत्येक ग्रामपंचायत विकास आराखडा करते. मागच्या वर्षीचा आराखडा एका हातात आणि यंदाचा प्रशासन अहवाल दुसऱ्या हातात, असं बसा. आराखड्यातलं एकेक काम अहवालात शोधा. झालं, अर्धवट राहिलं, की गळालं?

एक उदाहरण घेऊ. अहवालात ओळ असते, 'अंगणवाडी दुरुस्ती, पूर्ण'. एवढ्यावर समाधान मानू नका. अंदाजपत्रक किती रुपयांचं होतं, बिल कितीचं निघालं आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, काय नोंदलंय हे विचारा. मग अंगणवाडीत जा. फरशी बसली आहे का, नळाला पाणी येतं का, संडासाचं दार लागतं का ते बघा आणि सेविकाताईंना आणखी एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षी तीव्र कुपोषित मुलं किती होती, आज किती आहेत? दुरुस्तीचा खर्च वहीत दिसतो. मुलांचं वजन वाढलं की नाही ते त्या वहीत नसतं, आणि गावाचं भलं त्यावरच मोजायला हवं.

निधीच्या वाटणीवरही बोट ठेवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती. दिव्यांगांचे पाच टक्के कोणाला, कशासाठी दिले, हा प्रश्न सभेत क्वचितच निघतो. तो काढाच.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचा पंचायत अ‍ॅडव्हान्समेंट इंडेक्सही, म्हणजे पंचायतींच्या प्रगतीचं मोजमापही, हाताशी आहे. गरिबी, आरोग्य, बालस्नेही गाव, पाणी, स्वच्छता, पायाभूत सुविधा, सामाजिक सुरक्षा, सुशासन आणि महिलास्नेही गाव अशा नऊ विषयांवर प्रत्येक पंचायतीला गुण मिळतात. 2022-23 च्या पहिल्या फेरीत देशातल्या 2,16,285 पंचायतींची माहिती तपासली गेली. शंभरपैकी 90 च्या वरच्या सर्वोच्च गटात एकही पंचायत बसली नाही आणि 1,32,392 पंचायती 40 ते 60 गुणांच्या गटात राहिल्या. आपल्या गावाचे गुण या इंडेक्सच्या पोर्टलवर दिसतात. ते सभेत वाचून घ्या आणि ही माहिती कोणी भरली तेही विचारा. गावात टँकर येत असताना पाण्याच्या रकान्यात चांगले गुण दिसत असतील, तर दुरुस्तीचा ठराव करून घ्या.

हे गावपातळीवर जमतं का, असं कोणी विचारलं तर मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव घेतो. तिथे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यावर कोणतं पीक घ्यायचं, हे गाव मिळून ठरवतं.

कागद कसे मिळवायचे?

सभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागते आणि दवंडीही दिली जाते. नोटीस निघण्याआधीच तुमचा विषय लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आराखडा आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येतो. बाकीचे कागद कार्यालयात बघायला मागा: नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 3 म्हणजे जमाखर्चाचं विवरण, नमुना 5 म्हणजे रोकड वही, आणि मागच्या ग्रामसभांची इतिवृत्तं.

तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज नमुना 'अ' मध्ये करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी माफ होते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो. म्हणून नेमकं लिहा: 'मागील आर्थिक वर्षाच्या विकास आराखड्यातील कामांची यादी, प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत व अदा केलेली रक्कम.' साध्या प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

सभेत तुम्ही जे बोललात ते इतिवृत्तात आलं का, हे त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन वाचा. आलं नसेल तर लेखी हरकत द्या, तिच्यावर पोच घ्या आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा.