भावना विश्लेषणाच्या फ्रेमवर्कमध्ये प्लगइन कुठून आले

सेंटिमेंट ॲनालिसिस म्हणजे मजकुरातलं मत किंवा भावना संगणकाने ओळखणं. त्यासाठीच्या फ्रेमवर्कला, म्हणजे सामाईक कामं सांभाळणाऱ्या तयार सांगाड्याला, जोडायचा सुटा घटक म्हणजे प्लगइन लिहायला घेतला, की विश्लेषणाचा खरा कोड बऱ्याचदा पानभरात आटोपतो. वेळ जातो तो त्याच्या भोवतीच्या गोष्टींत. गुण किती ते किती या मर्यादेत दिले ते आधी जाहीर करायचं, मत मजकुराच्या नेमक्या कोणत्या तुकड्याबद्दल आहे ते आकड्यांत सांगायचं, भावनांची कोणती वर्गवारी वापरली ते लिहायचं, निकाल कोणी काढला त्याची नोंद ठेवायची आणि वर चाचणीची उदाहरणंही जोडायची. नव्याने आलेल्याला हा सगळा सोपस्कार वाटतो आणि तो उरकून टाकण्याकडे कल असतो. पण यातली प्रत्येक अट एखाद्या जुन्या अडचणीतून आली आहे. ती अडचण कोणती हे ठाऊक असलं, तर कुठे घाई करून चालणार नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात बरीच मागे जाते. १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन आणि सहकाऱ्यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ नावाची संगणक प्रणाली उभी केली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. शब्दांचे गट पाडायचे, मजकुरात कोणत्या गटातले शब्द किती वेळा आले ते मोजायचं, अशी ती पद्धत होती. आज ती प्राथमिक वाटते, पण तिच्यातली एक गोष्ट फार दूरदृष्टीची होती. मोजणारा प्रोग्राम वेगळा होता आणि शब्दांचा कोश वेगळा. विषय बदलला की कोश बदलायचा, प्रोग्राम तोच. प्लगइनची कल्पना बीजरूपाने इथेच दिसते, असं मला वाटतं.

पुढची तीसेक वर्षं सावकाश गेली. १९९७ मध्ये हात्झिव्हासिलोग्लू आणि मॅककिओन यांनी विशेषणांचा कल, म्हणजे ती चांगल्या बाजूची की वाईट, हे ओळखण्यासाठी उभयान्वयी अव्ययांचा आधार घेतला. ‘स्वस्त आणि टिकाऊ’ असं आपण सहज म्हणतो, आणि ‘स्वस्त पण तकलादू’ असंही. ‘आणि’ने जोडलेली विशेषणं बहुधा एकाच बाजूची असतात, ‘पण’ने जोडलेली विरुद्ध बाजूंची. मोठ्या मजकुरातून अशा जोड्या गोळा केल्या, की शब्दांचे दोन कळप आपोआप वेगळे होतात.

मग २००२ साल उजाडलं आणि एकाच वर्षात दोन वाटा फुटल्या. पीटर टर्नी यांनी एपिनियन्स या संकेतस्थळावरची ४१० परीक्षणं घेतली. एखादं पद ‘उत्कृष्ट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाजवळ जास्त वेळा आढळतं की ‘निकृष्ट’ अर्थाच्या शब्दाजवळ, हे त्यांनी अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनला विचारून ठरवलं. सरासरी अचूकता ७४ टक्के आली. मोटारींच्या परीक्षणांत ती ८४ टक्के होती, चित्रपटांच्या परीक्षणांत फक्त ६६. टर्नी यांनी दिलेलं एक उदाहरण फार बोलकं आहे: अंदाज न येणारं स्टिअरिंग म्हणजे गाडीचा दोष, पण अंदाज न येणारं कथानक म्हणजे चित्रपटाचा गुण. विशेषण तेच, विषय बदलला की कल उलटा.

त्याच वर्षी बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपटांची ७०० अनुकूल आणि ७०० प्रतिकूल परीक्षणं घेऊन मशीन लर्निंगच्या, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याच्या, तीन पद्धती तपासल्या. त्यांतल्या सपोर्ट व्हेक्टर मशीन या पद्धतीने सर्वात चांगला, ८२.९ टक्क्यांचा निकाल दिला. नकार हाताळायची त्यांची युक्ती पुढे खूप वापरली गेली: नकारार्थी शब्द दिसला, की तिथून पुढच्या विरामचिन्हापर्यंतच्या प्रत्येक शब्दाला नकाराची खूण चिकटवायची. इंग्रजीत हे जमतं, कारण तिथे नकार क्रियापदाच्या अर्थाआधी येतो. ‘बॅटरी टिकत नाही’ या वाक्यावर तोच नियम चालवून पाहा. ‘नाही’ शेवटी, त्याच्यापुढे पूर्णविराम. खूण लावायला शब्दच उरत नाही, आणि ‘टिकत’ हा शब्द चांगल्या खात्यात जमा होतो. म्हणजे नकाराचा नियमसुद्धा सगळ्या भाषांना एक ठेवता येत नाही. फ्रेमवर्कच्या गाभ्यात असे नियम घातले, तर तो गाभा एकाच भाषेचा होऊन बसतो. भाषेचं ज्ञान प्लगइनच्या आत ठेवायचं, हा आग्रह त्यामुळे मला रास्त वाटतो.

यानंतर साधनांचा पूर आला, आणि प्रत्येकाने आपापली मोजपट्टी आणली. २००६ मध्ये आलेला सेंटिवर्डनेट हा कोश शब्दाच्या प्रत्येक अर्थाला अनुकूलता, प्रतिकूलता आणि वस्तुनिष्ठता असे तीन गुण देतो आणि तिघांची बेरीज १ होते. २०११ ची आफिन ही शब्दसूची उणे ५ ते अधिक ५ अशी चालते. २०१४ चं व्हेडर हे साधन शेवटी उणे १ ते अधिक १ या मर्यादेत एक आकडा देतं. टेक्स्टब्लॉब हे साधन कलाबरोबर व्यक्तिनिष्ठतेचा वेगळा गुण सांगतं, आणि तो ० ते १ असतो. आता कोणी नुसतं ‘गुण ०.५’ असं कळवलं, तर त्यातून काय समजायचं? ० ते १ च्या पट्टीवर तो अगदी मध्य आहे, उणे १ ते १ च्या पट्टीवर चांगलाच अनुकूल, आणि उणे ५ ते ५ वर जवळजवळ शून्यच. किमान आणि कमाल मर्यादा प्लगइनने स्वतः जाहीर केली पाहिजे, ही अट या गोंधळातून आली. माझ्या मते सगळ्या अटींत ही सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित आहे. ती वगळली तरी प्रोग्राम बंद पडत नाही, आकडे येत राहतात, आणि चूक कोणाच्या लक्षात न येता पुढच्या तक्त्यात जाऊन बसते.

दरम्यान दुसऱ्या बाजूला, भावनांशी काही संबंध नसलेल्या कामात, प्लगइनची यंत्ररचना तयार होत होती. अमेरिकेत १९९० च्या दशकात सरकारी निधीवर चाललेल्या टिप्स्टर या मजकूर-प्रक्रियेच्या संशोधन कार्यक्रमातून एक तत्त्व पुढे आलं: मूळ मजकुराला हात लावायचा नाही, नोंदी बाहेर ठेवायच्या, आणि नोंद कुठे सुरू होते, कुठे संपते ते आकड्याने सांगायचं. शेफील्ड विद्यापीठातल्या गेट या प्रणालीने त्याच दशकात हे तत्त्व उचललं आणि घटक सुटे, अदलाबदल करता येण्याजोगे केले. आयबीएममध्ये तयार झालेली यूआयएमए ही मजकूर-विश्लेषणाची प्रणाली २००६ मध्ये अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे गेली, २००९ मध्ये तिला ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक म्हणून मान्यता मिळाली. तिथे प्रत्येक विश्लेषक घटकाबरोबर एक वर्णनाची फाइल असते: मला काय लागतं, मी काय देतो. पुढच्या बहुतेक फ्रेमवर्कमध्ये ही विभागणी या ना त्या रूपात दिसते.

स्थान आकड्याने सांगायचं म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण देवनागरीत इथेच सर्वात जास्त घसरण होते. ‘कॅमेरा छान आहे, पण बॅटरी टिकत नाही.’ हे वाक्य घ्या. ‘कॅमेरा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोड या जगातल्या लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीच्या हिशेबाने तो ६ घटकांचा आहे, कारण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ठेवला की तोच १८ बाइटचा होतो. शून्यापासून युनिकोड घटक मोजत गेलं, तर ‘बॅटरी’ १९ वर सुरू होऊन २४ च्या आधी संपते. दुसऱ्या प्लगइनने बाइट मोजले असतील, तर त्याचा १९ हा आकडा ‘छान’ या शब्दाची सुरुवात दाखवतो, आणि बॅटरीबद्दलची तक्रार भलत्याच ठिकाणी नोंदली जाते. लाइपझिगमधून पुढे आलेल्या निफ या भाषिक नोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपाने स्थानं युनिकोडच्या हिशेबात मोजायची असं ठरवून दिलं, तेव्हा हा वाद निदान कागदावर तरी मिटला.

भावनांच्या बाबतीत परिस्थिती आणखी अवघड होती. अनुकूल-प्रतिकूल यावर तरी एकमत होतं; भावना किती आणि कोणत्या, यावर मानसशास्त्रातच नाही. पॉल एकमन यांच्या मूळ यादीत राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य अशा सहा भावना. रॉबर्ट प्लचिक यांच्या चक्रात आठ, त्यांत विश्वास आणि अपेक्षाही. तिसऱ्या पंथाला नावंच नको आहेत. भावना किती सुखद, किती तीव्र आणि माणसाचा तिच्यावर किती ताबा, अशा तीन अक्षांवर तो तिला एका बिंदूने दाखवतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मे २०१४ मध्ये इमोशनएमएल ही भावना नोंदवण्याच्या स्वरूपाची शिफारस अंतिम केली तेव्हा यातली एकच यादी निवडली नाही. कोणती यादी वापरता ते आधी सांगा, एवढीच अट घातली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जिथे शास्त्रज्ञांचं एकमत नाही तिथे मानकाने ते लादू नये, मतभेद उघड नोंदवायची सोय करावी.

हे सगळे धागे एकत्र आले ते लिंक्ड डेटाच्या, म्हणजे वेबवरची माहिती सामाईक शब्दसंग्रहांनी एकमेकींशी जोडण्याच्या चळवळीत. मतांचं वर्णन करण्यासाठी मार्ल, भावनांसाठी ऑनिक्स आणि निकाल कोणी, कशावरून काढला हे सांगण्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं प्रोव्ह अशा शब्दसंग्रहांची सांगड घालण्यात आली. त्यातून माद्रिदच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सेनपाय हे पायथनमधलं मुक्त फ्रेमवर्क उभं केलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१६ चा आहे. वेब सेवा चालवणं, विनंती तपासणं, निकाल जेसन-एलडी या लिंक्ड डेटाच्या स्वरूपात किंवा दुसऱ्या स्वरूपात बाहेर देणं ही कामं फ्रेमवर्क करतं. प्लगइन लिहिणाऱ्याकडे उरतो तो मजकूर आणि त्याचा अर्थ.

सेनपायमधला प्लगइन उघडून पाहिला तर वरचा सगळा इतिहास त्यात ओळीने सापडतो. नाव, आवृत्ती आणि वर्णन आहे. आधी ही माहिती यामल स्वरूपातल्या वेगळ्या फाइलमध्ये असायची, पुढे ती प्लगइनच्या पायथन कोडमध्येच, त्याच्या क्लासमध्ये, लिहिता येऊ लागली. कलाची किमान-कमाल मर्यादा आहे. ‘ॲक्टिव्हेट’मध्ये शब्दसूची किंवा मॉडेल एकदाच चढवायचं, म्हणजे दर विनंतीला तो भार पडत नाही. ‘ॲनालाइज एंट्री’त एक नोंद घ्यायची आणि तिच्यात मत जोडून परत द्यायची. चाचणीची उदाहरणं क्लासमध्येच ठेवता येतात: हा मजकूर दिला तर हे उत्तर आलं पाहिजे. मराठीसाठी प्लगइन लिहिणाऱ्याने इथे ‘टिकत नाही’, ‘वाईट नाही’, ‘काही कमी नाही’ अशी वाक्यं घालावीत असा माझा आग्रह राहील, कारण बाहेरून आणलेली पद्धत याच ठिकाणी आधी कोसळते.

प्लगइनचा एक प्रकार विश्लेषण करतच नाही, तो फक्त रूपांतर करतो: एकमनच्या भावना तीन अक्षांवरच्या बिंदूंत बदलतो, किंवा बिंदूवरून जवळची भावना शोधतो. प्रत्येक भावनेला एक मध्यबिंदू ठरवून हे साधतात. उपयोगी आहे, पण यात माहिती गळते. प्लचिकच्या ‘अपेक्षे’ला एकमनच्या यादीत जागाच नाही, ती कुठल्यातरी शेजारच्या भावनेत ढकलली जाते. म्हणून रूपांतरित निकालासोबत मूळ निकालही ठेवावा. सेनपायमध्ये तशी सोय आहे आणि ती बंद करू नये.

बाहेरच्या सेवेवर विसंबणारे प्लगइन हा वेगळा धडा आहे. स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांनी इमोजीपूर्व काळातल्या हसऱ्या-रडक्या चिन्हांवरून १६ लाख ट्वीट आपोआप वर्गीकृत करून सेंटिमेंट१४० ही ट्वीटचा कल सांगणारी ऑनलाइन सेवा उभी केली, आणि त्या सेवेला विचारणारा प्लगइन सेनपायमध्ये आला. लिहायला तो सर्वात सोपा, पण त्याचं आयुष्य दुसऱ्याच्या हातात. टर्नी ज्या अल्टाव्हिस्टाला विचारत होते ते जुलै २०१३ मध्ये बंद झालं; तो प्रयोग आता जसाच्या तसा कोणी करू शकत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांमागच्या मोठ्या भाषा मॉडेलांनी हा प्रश्न पुन्हा समोर आणला आहे. आज चार ओळींचा प्लगइन मजकूर मॉडेलकडे पाठवून उत्तर मागू शकतो, आणि उत्तर बहुतेकदा चांगलं असतं. पण ते मोकळ्या वाक्यांत येतं, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर बदलू शकतं, आणि सेवा देणाऱ्याने मागे मॉडेल बदललं तर आपल्याला कळेलच असं नाही. त्यामुळे अशा प्लगइनमध्ये मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि पाठवलेली सूचना निकालाच्या नोंदीतच लिहावी लागते, आणि चाचणीत एका उत्तराऐवजी चालतील अशा उत्तरांची मर्यादा द्यावी लागते.