टेलिफोनवाल्यांनी घडवलेला आवाज

इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात स्टार पियानो कंपनीच्या कारखान्याच्या आवारातच जेनेट या तबकडी कंपनीचा स्टुडिओ होता. अगदी शेजारून रेल्वे जायची. गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवायचं, गेली की पुन्हा सुरू करायचं. एप्रिल १९२३ मध्ये शिकागोहून किंग ऑलिव्हरचा जॅझ वाद्यवृंद तिथे आला. माइक नव्हता, फक्त एक कर्णा होता. त्यापासून कोणी किती अंतरावर उभं राहायचं, यावरच सगळं अवलंबून असे. विशीतल्या लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य, इतकं दणदणीत वाजायचं, की त्याला बाकीच्यांपासून बराच लांब उभं करावं लागलं, अशी आठवण वाद्यवृंदातल्या पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. ड्रम वाजवणाऱ्याला तर पूर्ण संच वाजवायची मुभाच नव्हती. धमाक्याने सुई उडाली तर मेणाची तबकडी वाया जाणार. म्हणून त्याने लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला.

असं का? साध्या बोलण्यात माणसाच्या आवाजाची शक्ती असते वॉटच्या एक लक्षांशाच्या आसपास. कर्ण्याच्या टोकाला एक पातळ पडदा, त्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेण. मेण कोरायला लागणारी सगळी ताकद गायकाच्या फुप्फुसातूनच यायची, मध्ये मदतीला कोणीही नाही. त्यातून सुमारे २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज उमटे. खर्जाची तंतुवाद्यं ऐकूच येत नसत, म्हणून त्यांच्या जागी ट्यूबा हे खर्जाचं पितळी फुंकवाद्य बसवत. व्हायोलिनलाही स्वतःचा कर्णा जोडत. अशा यंत्रापुढे एन्रिको कारुसोसारख्या ऑपेरा गायकाचं राज्य चालणार हे उघड होतं. हळुवार गळ्याला तिथे जागाच नव्हती.

गिऱ्हाईक मात्र तयार होतं. शहरं फुगत होती, गिरणी-कारखान्यातल्या कामगारांच्या हातात आठवड्याचा पगार पडत होता, युरोपातून आलेल्यांची रीघ लागली होती. जून १९०५ मध्ये पिट्सबर्गच्या स्मिथफील्ड स्ट्रीटवर निकेलोडियन हे स्वस्त चित्रपटगृह उघडलं. तिकीट एक निकेल, म्हणजे पाच सेंट. चित्रपट मूक, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यांचंही काही अडत नव्हतं. दोन-चार वर्षांत अशी हजारो थिएटरं देशभर झाली. तबकड्यांच्या बाजाराला १९२० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी ओके कंपनीने काढली आणि ती धडाधड खपली. कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही तबकड्या विकत घेतं, हे तोवर कंपन्यांच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा त्यांना ते लक्षात घ्यायचं नव्हतं. म्हणजे सगळं श्रेय यंत्राला देण्यात अर्थ नाही. पण नवं संगीत कानाला कसं लागेल, हे मात्र यंत्रानेच ठरवलं, आणि ते यंत्र आलं टेलिफोन कंपनीकडून.

एटी अँड टी या कंपनीची अडचण अगदी व्यवहारातली होती. तारेतून जाताना आवाज क्षीण होत जातो. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला, पाच हजारांहून अधिक किलोमीटरवर बोलायचं तर वाटेत त्याला पुन्हा बळ द्यायला हवं. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तीन विद्युताग्रांचा व्हॉल्व्ह, म्हणजे दुबळा विद्युत संकेत वाढवणारी काचेची नळी, बनवला होता. त्याचे हक्क कंपनीने विकत घेतले आणि हॅरल्ड आर्नल्ड यांनी त्यातली उरलीसुरली हवा काढून तो भरवशाचा केला. जानेवारी १९१५ मध्ये ती लाइन सुरू झाली. त्याच घराण्यातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. त्यात ताणलेला धातूचा पातळ पडदा आणि मागे अगदी जवळ दुसरी पट्टी असते. आवाजाने पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युत संकेत. हा संकेत इतका दुबळा, की व्हॉल्व्हशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता. व्हॉल्व्ह तर आता हाताशी होताच.

जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन यांनी हे सगळं तबकडीकडे वळवलं. त्यांची युक्ती मला या साऱ्या कथेत सर्वांत देखणी वाटते. टेलिफोनच्या मंडलांचं गणित त्यांना पाठ होतं. त्यांनी सुई, पडदा, कर्णा यांनाच विद्युत मंडल मानलं. वस्तुमान म्हणजे तारेचं वेटोळं, लवचीकपणा म्हणजे वीज साठवणारा कंडेन्सर असं धरून आकडेमोड केली. त्यावरून कोरणारं यंत्र निघालं आणि घरात वाजवायचा नवा ग्रामोफोनही. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन्ही बड्या कंपन्यांनी ही पद्धत घेतली. कोरायची ताकद आता विजेकडून येत होती. गळ्याने फक्त संकेत द्यायचा, बाकी काम व्हॉल्व्हचं.

या फरकाचा अनुभव मराठी रसिकांनाही आहे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या सुमाराच्या कर्ण्यासमोरच्या तबकड्या आणि १९३० च्या दशकातल्या विजेवरच्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात. वय आणि गायकी तर बदललेली आहेच, पण श्वासाची झुळूक दुसऱ्यांतच येते.

अमेरिकेत या माइकने गायकांची नवी जातच जन्माला घातली. जीन ऑस्टिन आणि पुढे बिंग क्रॉस्बी माइकला ओठ लावल्यासारखं गाऊ लागले. हजारो लोक ऐकत असताना हा आपल्या एकट्याशीच बोलतोय, असं प्रत्येकाला वाटायचं. बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ मध्ये या गुणगुणण्यावर जाहीर आगपाखड केली. त्यांचा राग मला पुरता खोटा वाटत नाही. मोठ्या सभागृहात असा जवळिकीचा सूर लावायला त्याआधी कोणाला जमलंच नसतं.

तीच उपकरणं खेड्यापाड्यांतही गेली. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीसाठी तबकड्या काढणाऱ्या राल्फ पीअर यांनी टोपीच्या जुन्या गोदामात माइक लावला. तबकडी एकसारख्या वेगाने फिरावी म्हणून ती मोटरवर नव्हे, तर खाली उतरणाऱ्या वजनावर चालवली होती. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली मुद्रणं तिथली. डोंगराळ भागातलं हे गाणं पुढे कंट्री संगीत म्हणून देशभर गेलं.

रेडिओची गोष्ट त्याहून मासलेवाईक आहे. न्यूयॉर्कचं डब्ल्यूईएएफ केंद्र एटी अँड टीचंच होतं. पैसे भरा आणि बोला, हा टेलिफोन बूथचा हिशेब त्यांनी हवेतल्या लहरींना लावला. २८ ऑगस्ट १९२२ रोजी एका बांधकाम कंपनीने तिथून सदनिकांची जाहिरात केली आणि रेडिओचा खर्च कोण देणार या प्रश्नाला अमेरिकेपुरतं उत्तर मिळालं. १९२६ मध्ये एनबीसी ही अनेक केंद्रांची रेडिओ कंपनी सुरू झाली, तेव्हा तिची केंद्रं जोडली गेली ती टेलिफोनच्याच भाड्याच्या तारांनी. १९३० च्या जनगणनेत दर पाचांतल्या सुमारे दोन कुटुंबांकडे रेडिओ सापडला.

१९२७ मध्ये बोलपट गाजू लागले. त्यांचा सुरुवातीचा आवाज वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच पद्धतीने १६ इंची तबकड्यांवर मुद्रित होत असे. मूकपटांसाठी प्रत्येक थिएटरात पियानोवाला किंवा अख्खा वाद्यवृंद असायचा. त्या हजारो वादकांची नोकरी दोन-तीन वर्षांत गेली. त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्यांत यंत्रमानव वाद्य वाजवताना दाखवून, डबाबंद संगीत नाकारा असं प्रेक्षकांना विनवलं होतं. प्रेक्षकांनी नाकारलं नाही.