‘नाझरेथचा शिलालेख’ आणि येशूचं थडगं

‘नाझरेथचा शिलालेख’ म्हणजे संगमरवरी फरशीवर ग्रीक भाषेत कोरलेली राजाज्ञा. थडग्यातून प्रेत हलवणाऱ्याला मृत्युदंड देणारी ही राजाज्ञा येशूचं थडगं रिकामं सापडल्यामुळे निघाली, असं कित्येक वर्षं सांगितलं जातं. आधार काय? संग्राहक फ्रोनरच्या कागदांतली एक ओळ: १८७८मध्ये नाझरेथहून, म्हणजे येशूच्या गावाहून, आलेली संगमरवरी फरशी. ती कुठे खणून काढली, हे त्यात नाहीच.

२०२०मध्ये फरशीच्या मागच्या बाजूची कणभर भुकटी घेऊन कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण तपासलं गेलं. ते ग्रीसमधल्या कोस बेटावरच्या खाणीशी जुळलं. नुसत्या दगडावरून लेख कुठे कोरला हे ठरत नाही, हे खरं. पण कोसचा संगमरवर फारसा बाहेर जात नसे. शिवाय तिथला हुकूमशहा निकियास मेल्यावर लोकांनी त्याचं थडगं फोडलं होतं. राजाज्ञेचं कारण म्हणून हाच प्रसंग अधिक पटतो.