लेहमधली सवय, तिबेटमधलं अनुकूलन

'तिबेटचे लोक हजारो वर्षं उंचावर राहिले, त्यामुळे त्यांच्या शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झाली आणि ती सवय पुढच्या पिढ्यांत उतरली.' उत्क्रांतीवरच्या प्रश्नाला असं उत्तर हमखास येतं. वाक्य इतकं सरळ आहे की मार्क कापायला हात धजत नाही. तरीही ते चूक आहे, आणि थोडीथोडकी नाही. त्यात दोन अगदी वेगळ्या प्रक्रियांची गाठ मारली आहे: एका माणसाच्या शरीराने काही दिवसांत परिस्थितीशी जुळवून घेणं, आणि नैसर्गिक निवडीमुळे अख्ख्या समूहाची जनुकीय घडण बदलत जाणं. पहिलीला ट्रेकर मंडळी अ‍ॅक्लमटाइझ होणं म्हणतात. दुसरी म्हणजे अनुकूलन.

बहुतेकांना वाटतं की दुसरी गोष्ट म्हणजे पहिलीचीच साठत गेलेली पुंजी. आजोबांना थोडी सवय झाली, वडिलांना आणखी थोडी, नातू तयार होऊनच जन्मला. तिबेटचं उदाहरण मला आवडतं ते याचसाठी, की तिथे हा समज नुसता अपुरा ठरत नाही, साफ उलटा पडतो.

आधी सवयीचं बघू. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरलेला माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे ३,५०० मीटरवर पोचतो. तिथल्या हवेतही ऑक्सिजन साधारण २१ टक्केच असतो. हे कितीही वेळा सांगितलं तरी विसरलं जातं. कमी होतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असल्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणूच कमी येतात. मानेतल्या कॅरोटिड बॉडी नावाच्या इवल्याशा ग्रंथींना हे लगेच कळतं आणि श्वास वाढतो. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदूच श्वासाला लगाम घालू लागतो. या ओढाताणीत पहिली रात्र जाते. डोकं ठणकतं, झोप लागत नाही, जेवण नको वाटतं. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा बिघडलेला हिशोब जुळवतात. उंचीच्या त्रासावर घेतात ती डायमॉक्सची गोळी नेमकी याच कामाला हातभार लावते, म्हणून ती घेतल्यावर सारखं लघवीला जावं लागतं.

दुसरीकडे रक्त बदलत असतं. ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडाला कळलं की ते काही तासांतच एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे संप्रेरक जास्त सोडू लागतं. ते अस्थिमज्जेला सांगतं: तांबड्या पेशी वाढवा. त्या वाढायला काही आठवडे लागतात. तोवर शरीर सोपी युक्ती करतं. रक्तातलं पाणीच कमी करतं, म्हणजे आहे तेवढंच हिमोग्लोबिन दाट होतं. लेहमध्ये महिनाभर राहिलेल्या माणसाचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनचा आकडा घरच्यापेक्षा वर गेलेला दिसेल. तो माणूस घरी परतला की काही आठवड्यांत आकडा पुन्हा खाली येतो. जनुकं होती तशीच राहतात. बदलला तो त्यांचा वापर.

आता तिबेटी लोकांकडे वळू. कित्येक पिढ्या ४,००० मीटरवर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन किती असावं? सवयीच्या तर्काने जाणारा कुणीही म्हणेल, भरपूर. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी तिबेटी पुरुषांची तुलना बोलिव्हियातल्या तेवढ्याच उंचीवर राहणाऱ्या आयमारा पुरुषांशी केली. आयमारांचं सरासरी हिमोग्लोबिन डेसिलिटरला सुमारे १९ ग्रॅम निघालं. तिबेट्यांचं साडेपंधराच्या आसपास, म्हणजे मुंबईतल्या निरोगी पुरुषाच्या लॅब रिपोर्टवर कुणाची भुवईही वर जाणार नाही असा आकडा.

म्हणजे उंचीवर गेल्यावर आपलं शरीर जे करतं, तेच तिबेट्यांचं शरीर करायचं टाळतं. आपली सवय आणि त्यांचं अनुकूलन एकाच रस्त्यावरचे पुढचे-मागचे टप्पे नाहीत. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत.

याचं कारण दाट रक्तात आहे. ईपीओची ही यंत्रणा डोंगर चढण्यासाठी घडलेली नाही. तिचा रोजचा उपयोग रक्त कमी झालं की ते भरून काढण्याचा. मूत्रपिंडाला फक्त ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं. पेशी कमी झाल्या म्हणून पडला की हवाच विरळ आहे म्हणून, हे त्याला उमगत नाही. दोन्ही वेळा ते एकच हुकूम सोडतं. चार आठवड्यांच्या मुक्कामाला हा हुकूम चालून जातो. जन्मभर चालू राहिला तर रक्त घट्ट होत जातं, हृदयावर ताण येतो, गुठळ्यांचा धोका वाढतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२०च्या दशकात आंडीजमधल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं. हा आजार आजही मोंगेच्या नावाने ओळखला जातो. पुरुषांत हिमोग्लोबिन २१ किंवा त्याहून वर आणि सोबत लक्षणं, असा त्याचा निकष आहे. खात्रीचा उपाय म्हणजे डोंगर उतरून खाली राहायला जाणं. तिबेट्यांत हा आजार आंडीजपेक्षा बराच कमी आढळतो. ते ऑक्सिजनची तूट दुसऱ्या मार्गांनी भरून काढतात: श्वास जास्त घेतात, आणि नायट्रिक ऑक्साइडमुळे रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्ताचा प्रवाह वाढवतात.

२०१०मध्ये या कमी हिमोग्लोबिनमागचं जनुक हाती लागलं. ईपीएएस१ हे त्याचं नाव. ऑक्सिजन कमी झाला की ईपीओचं बटण दाबणारं एक प्रथिन या जनुकापासून बनतं. (पेशींना ऑक्सिजनची चाहूल लागते कशी, या शोधाला २०१९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, हे प्रथिन त्याच साखळीतलं.) तिबेट्यांत या जनुकाचं जे रूप आढळतं त्यामुळे बटण जोरात दाबलंच जात नाही. त्या वर्षीच्या एका अभ्यासात हे रूप तिबेट्यांत सुमारे ८७ टक्के आणि हान चिनी लोकांत सुमारे ९ टक्के आढळलं. दोन्ही समूह आनुवंशिकदृष्ट्या जवळचे आहेत, त्यांच्या बाकीच्या बहुतेक जनुकांत इतकी दरी नाही. एकाच जागी एवढा फरक दिसला की तिथे निवडीचा हात आहे असा संशय घ्यायला जागा असते.

निवड इथे काय करते, ते नीट बघायला हवं. कुणाही तिबेटी माणसाचं ईपीएएस१ त्याच्या हयातीत बदललं नाही. ज्यांच्याकडे हे रूप आधीपासून होतं, त्यांची मुलं उंचावर जास्त जगली. ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांची कमी. परीक्षा मुख्यतः बाळंतपणात होत असणार, कारण उंचीवर गर्भाला रक्तपुरवठा कमी पडतो आणि बाळं कमी वजनाची जन्मतात. तिबेटमध्ये तेवढ्याच उंचीवर राहणाऱ्या हान मातांपेक्षा तिबेटी मातांच्या बाळांचं वजन जास्त भरतं. दर पिढीला हा फरक थोडासाच, पण शेकडो पिढ्यांत तोच ९ आणि ८७ एवढा होऊन बसतो. बदलतं ते प्रमाण, आणि ते समूहाचं असतं. एकट्या माणसाची उत्क्रांती होत नाही.

मग ते रूप आलं कुठून? गरज होती म्हणून तर नक्कीच नाही. उत्परिवर्तन गरज पाहून होत नसतं. २०१४मध्ये रास्मुस निल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ईपीएएस१चा हा तुकडा डेनिसोव्हन मानवांच्या जीनोममधल्या तुकड्याशी जुळतो. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडामुळे आपल्याला माहीत झालेली ही नामशेष जमात. आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी संकर झाला आणि हा तुकडा उसना आला. पुढे २०१९मध्ये कळलं की १९८०मध्ये एका भिक्षूला तिबेटी पठारावरच्या गुहेत, ३,२८० मीटरवर, सापडलेला जबडा डेनिसोव्हनच होता आणि किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचा होता. उत्तरपत्रिकेतल्या 'सवय झाली' या दोन शब्दांत ही सगळी हकिगत गडप होते.

सवय पिढीत उतरत नाही याचं कारण साधं आहे. ती फुप्फुसात, मूत्रपिंडात, अस्थिमज्जेत घडते. पुढच्या पिढीत जातात ते शुक्रपेशी आणि अंडपेशी. वाढलेल्या तांबड्या पेशींची बातमी तिथल्या डीएनएच्या अक्षरांत लिहिली जायची सोयच नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिल्या. पिल्लं शेपटीसकटच जन्मत राहिली. आपल्याकडे त्यासाठी उंदीर छळायची गरज नव्हती. घरोघरी बाळाचे कान टोचायला अजूनही सोनार बोलवावा लागतो.

मग समोर दिसणारं वैशिष्ट्य सवयीचं की अनुकूलनाचं, हे ओळखायचं कसं? जागा बदलून बघायची. परिस्थिती बदलली की ओसरून जाते ती सवय. कुठेही नेलं, कुठेही वाढवलं तरी टिकतं ते बहुधा अनुकूलन. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातल्या पठारांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. उडताना सात हजार मीटरच्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत. त्याच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९व्या जागी प्रोलीनऐवजी अलॅनीन आहे. एका अमिनो आम्लाचा हा फरक, पण त्यामुळे ते हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट पकडतं. हिवाळाभर भिगवणच्या दाट हवेत हरभऱ्याच्या शेतात चरूनही हा फरक पुसला जात नाही, आणि सखल प्रदेशातल्या प्राणिसंग्रहालयात अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लातही तो असतोच. तो डोंगरावर मिळवलेला नाही.

जागा बदलायची ही कसोटी सगळीकडे इतकी स्वच्छ चालत नाही, हेही सांगायला हवं. आंडीजमध्ये लहानपणापासून वाढलेल्या मुलांची फुप्फुसं मोठी होतात, मग आईवडील मुळात सखल भागातले का असेनात. मोठेपणी खाली राहायला आलं तरी ती तशीच राहतात. ही वाढीच्या वयात झालेली, आता मागे न फिरणारी जुळवाजुळव. तरीही अनुकूलन नव्हे, कारण पुढच्या पिढीला ती आपोआप मिळत नाही. अशा वेळी एकाची जागा बदलून भागत नाही, पुढची पिढी दुसरीकडे वाढवून बघावी लागते. आणखी एक गुंता: जुळवून घेण्याची क्षमता ही स्वतः उत्क्रांतीतूनच आलेली आहे. कॅरोटिड बॉडी, ईपीओ, मूत्रपिंडाचा हिशोब, हे सगळं निवडीनेच घडलेलं आहे. परीक्षेत हा मुद्दा लिहिणारा विद्यार्थी मला तरी अजून क्वचितच दिसला.

हाच घोळ घराघरांत वेगळ्या रूपात ऐकू येतो: 'डासांना आता कॉइलची सवय झालीये', 'बॅक्टेरियांना अँटिबायोटिकची सवय लागली'. डासाच्या चेतापेशीतल्या सोडियम चॅनेलच्या जनुकात एखादा बदल असला की कॉइलमधल्या पायरेथ्रॉइड जातीच्या रसायनांचा त्याच्यावर परिणाम कमी होतो. असे डास उरतात, बाकीचे मरतात. वाचलेला डास धूर सोसून कणखर झालेला नसतो.

बॅक्टेरियांबद्दल हा वाद शास्त्रज्ञांमध्येही खराच होता: औषधाला भिडल्यामुळे प्रतिरोध येतो, की तो आधीपासून असतो? जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मखमलीच्या तुकड्यावर उभा होता. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची, तिच्यावर बॅक्टेरिया वाढलेली डिश हलकेच दाबायची. मखमलीच्या तंतूंवर प्रत्येक जागेचे थोडे बॅक्टेरिया चिकटतात. मग त्याच मखमलीवर स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक असलेल्या डिशा एकेक करून, दिशा न बदलता, टेकवायच्या. बहुतेक बॅक्टेरिया मेले. जे मोजके वाढले ते प्रत्येक डिशवर त्याच त्याच जागी वाढले. औषधामुळे ऐनवेळी प्रतिरोध आला असता तर दर डिशवर जागा वेगवेगळ्या निघाल्या असत्या. मग हे दोघे मूळ, बिनऔषधाच्या डिशकडे परतले, नेमक्या त्या जागांवरून पेशी उचलल्या, वाढवल्या, पुन्हा मखमलीवर छापल्या. असं काही फेऱ्या केल्यावर हाती निव्वळ प्रतिरोधक बॅक्टेरिया आले, आणि त्यांच्या पूर्वजांपैकी एकाही पेशीची स्ट्रेप्टोमायसिनशी गाठ पडलेली नव्हती.